दिसण्यापुरता प्रकाश

शास्त्रज्ञाचे चरित्र कला शाखेच्या विद्यार्थ्याने लिहू नये, असा काही नियम नाही. उलट मला वाटते, की ज्याचे आयुष्य एका साध्या प्रश्नाभोवती फिरले अशा माणसाची ओळख आपण करून घ्यायलाच हवी. एर्न्स्ट रुस्का हा असा माणूस होता. जी वस्तू प्रकाशाला दिसत नाही ती पाहायची कशी, हा त्याचा प्रश्न.

एर्न्स्टचा जन्म २५ डिसेंबर १९०६ रोजी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झाला. सात भावंडांत तो पाचवा. वडील युलियुस रुस्का विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक होते. अरबी ग्रंथांतील किमयेचा त्यांचा व्यासंग मोठा होता. त्यांच्या अभ्यासिकेत झाइस कंपनीचा एक मोठा सूक्ष्मदर्शक असे, आणि मुलांनी त्याला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. मावशीचे यजमान माक्स वोल्फ नामांकित खगोलशास्त्रज्ञ. त्यांच्या वेधशाळेत दुर्बिणी. एका घरात अतिसूक्ष्माची ओढ आणि दुसऱ्या घरात अतिदूरची. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाला पाहण्याचे वेड लागले नसते तरच नवल!

म्युनिक व पुढे बर्लिन येथे त्याने विद्युत् अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात माक्स क्नोल यांच्या हाताखाली तो काम करू लागला. हान्स बुश यांनी १९२६ साली गणिताने दाखवले होते, की तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडली, तर त्यातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांवर ते वेटोळे भिंगासारखा परिणाम करते. विद्यार्थी रुस्काने ते प्रयोगाने पडताळून पाहिले. पुढे एकामागे एक अशी दोन भिंगे लावून ७ एप्रिल १९३१ रोजी त्याने प्लॅटिनमच्या जाळीची प्रतिमा मिळवली. ती केवळ सतरा पटींच्या आसपास मोठी होती. साध्या भिंगालाही याहून अधिक जमते. पण रस्ता सापडला होता.

गंमत अशी, की इलेक्ट्रॉनालाही तरंगलांबी असते, हे द ब्रॉग्ली यांचे संशोधन तेव्हा या अभियंत्याच्या कानावर नव्हते. ते कळले तेव्हा तो खट्टू झाला. प्रकाशाची तरंगलांबी आडवी येते म्हणून तर हा खटाटोप; आता इथेही तीच अडचण! मग त्याने हिशेब मांडला. इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी प्रकाशापेक्षा सुमारे लाखपटीने लहान निघाली. त्याचा जीव भांड्यात पडला. १९३३ च्या अखेरीस त्याने बारा हजार पटी मोठे दाखवणारे यंत्र उभे केले आणि प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला मागे टाकले.

येथे खरी अडचण उभी राहिली, आणि मला या चरित्रातला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटतो. जुन्या काळी चित्रपटगृहात रीळ मध्येच अडकले, की प्रखर दिव्यासमोरची ती चौकट जळून पडद्यावर तपकिरी डाग पसरत असे. स्वारगेटला लक्ष्मीनारायणसमोर तिकिटाच्या रांगा लावलेल्या पिढीकडून हे वर्णन मी पुष्कळदा ऐकले आहे. रुस्काच्या यंत्रात नेमके हेच घडे. मोठी प्रतिमा उजळ दिसावी म्हणून झोत वाढवावा, तर समोरचा कापसाचा तंतू जळून कोळसा होई. मग जिवंत पेशींचे काय पाहणार, असे जाणते लोक विचारू लागले. पाहण्यासाठी लावलेला दिवाच पाहायच्या वस्तूला जाळतो आहे!

रुस्काने याला दोन उत्तरे दिली. एक, नमुना अतिशय पातळ असावा. मग तो इलेक्ट्रॉनांना गिळत नाही, फक्त विखुरतो. चित्र उमटते आणि नमुना फारसा तापत नाही. दुसरे, झोत हवा तेवढ्याच जागेवर पडावा. स्वारगेटच्या चौकात सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता, शिवाजी रस्ता अशा वाटांनी आलेली गर्दी एस. टी.च्या एका दारातून आत जाते, तसे नमुन्याच्या वर बसवलेले संग्राहक भिंग पसरलेल्या इलेक्ट्रॉनांना गोळा करून एका ठिपक्यावर आणते. १९५४ साली सीमेन्स कंपनीने काढलेल्या त्याच्या एल्मिस्कोप यंत्रात अशी दोन भिंगे होती. पहिले झोत बारीक करते, दुसरे तो नमुन्यावर किती पसरावा हे ठरवते. हे यंत्र हजाराच्या वर विकले गेले.

आजही असे यंत्र चालवणारा माणूस कामाची सुरुवात झोत जुळवण्यापासून करतो. हिरवट चमकणाऱ्या पडद्यावर तो उजेडाचे वर्तुळ मध्यभागी आणतो. कळ फिरवताना ते वर्तुळ एकाच केंद्राभोवती लहानमोठे व्हायला हवे. एका बाजूला सरकले, तर मधली झडप सरळ बसलेली नाही. लांबट दिसले, तर भिंगाचा दोष काढून ते गोल करायचे. हे जमल्याशिवाय पुढे जायचे नाही.

पण हे सर्व घडायला आधी पैसा लागतो. १९३३ नंतर सुमारे तीन वर्षे सरकारी कचेऱ्या व कारखाने यांच्या पायऱ्या झिजवूनही कोणी हात पुढे केला नाही. रुस्का पोटासाठी दूरचित्रवाणीच्या कंपनीत नोकरी करत होता. त्याचा धाकटा भाऊ हेल्मूट वैद्यकाचा अभ्यासक. त्याचे गुरू प्राध्यापक झीबेक यांनी १९३६ साली या यंत्राचा वैद्यकाला केवढा उपयोग होईल, याचे लेखी मत दिले आणि १९३७ मध्ये सीमेन्सने काम हाती घेतले. हेल्मूटने १९३९ च्या सुमारास विषाणूंची पहिली चित्रे मिळवली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० साली भारतातील पहिल्या रुग्णाच्या घशातील स्रावातून कोरोना विषाणूचे चित्र टिपले, ते याच जातीच्या यंत्राने. स्वारगेटच्या फलाटावर तोंड बांधून उभ्या असलेल्या आम्हा सर्वांना ज्याची धास्ती होती, तो शत्रू एका मिलिमीटरच्या सुमारे तेरा-हजाराव्या भागाएवढा होता!

रुस्काला नोबेल पारितोषिक मिळाले १९८६ साली. पहिल्या प्रतिमेनंतर पंचावन्न वर्षांनी. त्या पारितोषिकाचा अर्धा वाटा त्याचा होता. तोवर सहकारी बोडो फॉन बोरीस १९५६ मध्ये, क्नोल १९६९ मध्ये आणि हेल्मूट १९७३ मध्ये निवर्तले होते. मृतांना हे पारितोषिक दिले जात नाही. १९३१ मध्येच या कल्पनेचे पेटंट मागणारे राइनहोल्ड रूडेनबर्ग ज्यू वंशाचे असल्याने त्यांना १९३६ साली देश सोडावा लागला होता. २७ मे १९८८ रोजी बर्लिनमध्ये रुस्का वारला, तेव्हा श्रेयाचा झोत त्याच्यावर अगदी मधोमध पडला होता. कडेची माणसे अंधारात राहिली.

म्हणून मला रुस्काचे मोठेपण कमी वाटत नाही. प्रकाश कमी करायलाही धैर्य लागते, हे त्याने दाखवले. आपण कलेचे विद्यार्थी माणसांना, ग्रंथांना, काळाला न्याहाळत असतो. कधी आपल्या मतांचा दिवा इतका प्रखर असतो, की समोरचे जळून जाते आणि राख पाहून आपण निष्कर्ष काढतो. झोत मध्यावर आणावा, गोल करावा, आणि दिसण्यापुरताच ठेवावा. एवढे जमले, तरी पुष्कळ दिसेल.