सर जोसेफ हचिन्सन

बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात कापूस म्हणजे काय हे कुणाला सांगावे लागत नाही. गावात यंत्रमाग, भोवताली निमाडची काळी जमीन. पण कापसाच्या कुळीचा माग काढणारा एक इंग्रज शेजारच्या इंदुरात चार वर्षे राहून गेला, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

जोसेफ हचिन्सन यांचा जन्म १९०२ चा. केंब्रिजचे शिक्षण आटोपून ते त्रिनिदाद बेटावरील कापूस संशोधन केंद्रात दाखल झाले. तेथे आपल्या आशियाई, म्हणजे देशी कापसांचे संकर करताना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. आईबाप दोघेही निकोप, संतती मात्र चुरगळलेल्या पानांची! दोष कोणा एकाचा नव्हता. दोन्हीकडची दोन जनुके एकत्र आली की विकृती प्रकट होते, असे त्यांनी १९३२ साली दाखवून दिले. दोन्ही घरे चांगली असून सोयरीक फसावी, तसलाच हा प्रकार.

पुढे गर्स्टेल यांना १९५४ साली अमेरिकन कापूस व एक रानटी जात यांच्या संकरात याहून भयंकर रूप दिसले, रोपेच मरत. असे का व्हावे? रोग शिरला की वनस्पती त्या जागच्या आपल्याच पेशी मारून टाकते, म्हणजे रोगाची वाट बंद होते. संकरात कधी कधी एका पालकाचा हा पहारेकरी दुसऱ्या पालकाच्या प्रथिनालाच शत्रू समजतो आणि रोग नसताना पेशी मरू लागतात. गव्हाच्या संकरातील पाने वाळवणारे एक जनुक तांबेऱ्यापासून रक्षण करणारेच जनुक निघाले, हे २०२१ साली सिद्ध झाले. हचिन्सन यांच्या हाती हे ज्ञान नव्हते. त्यांच्याजवळ होती ती चिकाटी आणि मोजदाद.

१९३३ ते १९३७ ते इंदूरच्या संस्थेत होते. मध्य भारत व राजपुताना येथील कापसाच्या पिकात कोणकोणते प्रकार मिसळले आहेत, याचा अभ्यास त्यांनी घोष यांच्यासह १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. मला त्यांचे हे काम अधिक मोलाचे वाटते. पुढे सायलो व स्टीफन्स यांच्यासह कापसाच्या उत्क्रांतीवरील ग्रंथ (१९४७), युगांडातील संचालकपद, १९५६ मध्ये ‘सर’ ही पदवी, केंब्रिजची प्राध्यापकी. १९८८ साली निधन.

अमेरिकन व इजिप्शियन कुळीच्या काही कापसांचा संकर खुरटा, बुचासारख्या सालीचा होतो, हे याच स्टीफन्स यांनी १९४६ साली दाखविले होते. त्याच दोन कुळींतून १९७२ साली धारवाडला कटारकी यांनी ‘वरलक्ष्मी’ हा जोमदार वाण काढला.