आधी खेडे, मग शहर

आपल्या १९७२च्या अकरावीच्या तुकडीत डॉ. विक्रम साराभाई म्हटले की अग्निबाण आणि उपग्रह एवढेच आठवते. माझी सारी नोकरी दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणात गेली, त्यामुळे मला ते वेगळ्याच कारणासाठी मोठे वाटतात. स्मरणिकेच्या निमित्ताने ते कारण सांगतो.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या एका गिरणीमालक घराण्यात त्यांचा जन्म झाला. आईवडिलांनी मुलांसाठी घरीच शाळा काढली होती. पुढे ते केंब्रिजला गेले, पण महायुद्धामुळे परतले आणि बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले. १९४७ साली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभी केली. १९६३च्या नोव्हेंबरात केरळातल्या थुंबा या कोळ्यांच्या गावातून पहिला अग्निबाण उडाला.

त्या काळी देशात दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीत. एकेका शहरात मनोरे उभारत गेले असते, तर खेड्यांची पाळी यायला कित्येक वर्षे लागली असती. साराभाईंनी हिशोब उलटा मांडला. उपग्रहावरून कार्यक्रम सोडला, की राजधानी आणि आडगाव सारखेच. मग जिथे धड शिक्षक नाही, डॉक्टर नाही, तिथे तो आधी का पोचू नये? त्यांनी १९६९ साली अमेरिकेच्या नासाशी करार घडवून आणला: एक वर्षासाठी त्यांचा उपग्रह, कार्यक्रम मात्र आपले.

तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे, वयाच्या ५२व्या वर्षी ते गेले. प्रा. यशपाल, कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस अशा सहकाऱ्यांनी काम तडीस नेले. १ ऑगस्ट १९७५पासून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत तारेच्या जाळीच्या मोठ्या छत्र्यांवर चित्र उमटू लागले. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी शेती आणि आरोग्यावर. संच बिघडले तर दुरुस्त कोणी करायचे, हेही आधीच ठरलेले होते.

बरोबर एका वर्षाने तो उपग्रह परत गेला. पुढे आपला इन्सॅट आला, मनोरे भराभर वाढले, मालिका आणि जाहिराती घरोघर पोचल्या. पुण्यात शाळकरी मुलांसाठी बालचित्रवाणी निघाली, तीही कालांतराने बंद पडली. यंत्र सगळीकडे गेले. आधी कोणासाठी, हा प्रश्न मात्र मागे पडला.

मित्रांनो, या मेळाव्यात डिजिटल फळ्यांसाठी निधी जमतो आहे. माझी सूचना एवढीच, की पहिला फळा मुख्य इमारतीत नको, वाडीवरच्या शाखेत बसवू या. आणि त्याच्या दुरुस्तीचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढून ठेवू या.