टी-शर्टवरचं नाव ठाऊक असतं, पण फ्रेड पेरी आधी टेबल टेनिसचा वर्ल्ड चॅम्पियन होता

छातीवर पानांच्या माळेचा छोटा लोगो असलेला फ्रेड पेरीचा पोलो टी-शर्ट तुम्ही पाहिला असेल. कित्येकांना वाटतं हे नुसतं कंपनीचं नाव आहे. पण या नावाचा खराखुरा माणूस होता आणि त्याची गोष्ट सुरू होते टेबल टेनिसपासून.

फ्रेडचा जन्म १९०९ चा, इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. वडील सॅम्युएल सुरुवातीला सूतगिरणीतले कामगार. पुढे ते सहकारी चळवळीत आले आणि खासदारही झाले. घर मात्र साधंच राहिलं.

पोराला नाद लागला टेबल टेनिसचा. त्या काळात या खेळात हंगेरीची दादागिरी होती. १९२६ ते १९३५ या काळात पुरुष एकेरीचं जगज्जेतेपद फक्त एकदा हंगेरीच्या हातून सुटलं. तेही त्यांच्याच घरात, १९२९ साली बुडापेस्टमध्ये. फायनलला हंगेरीच्या मिक्लोश साबादोशला हरवणारा गडी होता १९ वर्षांचा फ्रेड पेरी.

जगात एक नंबर झाल्यावर कुणीही तिथंच थांबलं असतं. याने टेबल टेनिस सोडलं आणि लॉन टेनिस धरलं.

पण टेबलावरची सवय कामी आली. टप्पा पडून वर येणारा चेंडू तो लगेच मनगटाने मारायचा. समोरच्याला सावरायला वेळच मिळायचा नाही. १९३४, १९३५ आणि १९३६ अशी सलग तीन वर्षं त्याने विम्बल्डन जिंकलं. चारही ग्रँड स्लॅम एकेरी स्पर्धा जिंकणारा तो जगातला पहिला पुरुष. १९३३ पासून सलग चार वेळा ब्रिटनने डेव्हिस कप जिंकला, त्यातही हाच हिरो.

एवढं करूनही साहेब लोकांनी त्याला आपलं मानलं नाही. तेव्हा टेनिस हा श्रीमंत घरातल्या, बड्या शाळांत शिकलेल्या पोरांचा खेळ. १९३४ ला त्याने ऑस्ट्रेलियाच्या जॅक क्रॉफर्डला हरवलं. त्यानंतर क्लबचा एक पदाधिकारी ड्रेसिंग रूममध्ये क्रॉफर्डची समजूत घालत होता, की खरा सरस खेळाडू तर तूच होतास. पेरीने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. सदस्यत्वाचा मान म्हणून मिळणारा टायसुद्धा त्याच्या हातात कुणी दिला नाही, खुर्चीवर टाकून ठेवला होता. हा अपमान तो आयुष्यभर विसरला नाही.

त्यात खेळून पैसे मिळायचे नाहीत, कारण विम्बल्डनसारख्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंसाठी होत्या. अखेर १९३६ च्या शेवटी पेरी व्यावसायिक झाला. क्लबने लगेच त्याचं मानद सदस्यत्व काढून घेतलं आणि विम्बल्डनचे दरवाजे त्याच्यासाठी बंद झाले. तो अमेरिकेत गेला, तिथला नागरिक झाला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलात त्याने नोकरी केली.

१९५२ साली त्याच्या नावाचे शर्ट बाजारात आले. माळेचा तो लोगो विम्बल्डनच्याच जुन्या चिन्हावरून घेतलेला. पुढे साठच्या दशकात ब्रिटनच्या तरुण पोरांनी हा शर्ट डोक्यावर घेतला.

१९८४ मध्ये, पहिल्या विजेतेपदाला ५० वर्षं झाली तेव्हा विम्बल्डनने आपल्या आवारात पेरीचा पुतळा उभारला. १९९५ साली तो गेला. त्याच्यानंतर विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकायला ब्रिटनला ७७ वर्षं थांबावं लागलं, २०१३ साली अँडी मरे जिंकेपर्यंत. ज्याला क्लबने बाहेर काढलं, त्याच्याच तोडीचा माणूस ब्रिटन इतकी वर्षं शोधत होता.