एकी जोडणारे रासबिहारी बोस

आझाद हिंद सेना म्हटली की नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव ओठांवर येते. पण त्या कार्याची धुरा नेताजींच्या हाती देणारे होते रासबिहारी बोस.

त्यांचा जन्म 25 मे 1886 रोजी बंगालमध्ये झाला. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत ते कारकून होते, पण गुप्तपणे क्रांतिकार्य करीत. निरनिराळ्या छावण्यांतील शिपायांनी 21 फेब्रुवारी 1915 रोजी एकदम उठाव करावा, असा बेत त्यांनी आखला. तळेगाव ढमढेऱ्याचे आपले विष्णू गणेश पिंगळे त्यांचे निकटचे साथीदार होते. फितुराने बातमी फोडली. दिवस 19 वर आणला, तर तोही फुटला. पिंगळ्यांना त्याच वर्षी लाहोरला फाशी झाली.

रासबिहारी नाव बदलून जपानला निसटले. टोकियोत नाकामुराया या पावाच्या दुकानाचे मालक सोमा यांनी त्यांना लपविले. पुढे 1918 साली सोमांची कन्या तोशिको हिच्याशी त्यांचा विवाह झाला. 1925 साली ती वारली, पण रासबिहारींनी कार्य सोडले नाही.

खरी कसोटी 1942 साली लागली. हेतू एकच, भारताचे स्वातंत्र्य. पण पक्ष तीन. आग्नेय आशियातील भारतीय रहिवाशांचा इंडियन इंडिपेंडन्स लीग, युद्धकैद्यांतून उभी राहिलेली कॅप्टन मोहनसिंग यांची सेना आणि जपानी सरकार. जूनमध्ये बँकॉकच्या परिषदेत सेना लीगच्या कार्यसमितीखाली ठेवण्याचे ठरले. पण जपानने आधी स्पष्ट वचन द्यावे, असा मोहनसिंगांचा आग्रह होता, तर काम थांबू नये असे रासबिहारींना वाटे. आधी काय, नंतर काय, यावरच बिनसले. डिसेंबरात मोहनसिंगांना अटक झाली व सेना मोडली. जपानात राहिलेल्या रासबिहारींवर अनेकांचा विश्वास नव्हता.

तरीही प्रकृती ढासळली असताना त्यांनी सेनेची घडी पुन्हा बसविली. सर्वांना मान्य होईल असा नेता हवा, आणि तो आपण नव्हे, हे त्यांनी ओळखले. 4 जुलै 1943 रोजी सिंगापुरात त्यांनी आपल्याहून दहा वर्षांहून लहान असलेल्या सुभाषबाबूंच्या हाती लीगचे अध्यक्षपद दिले आणि स्वतः सल्लागार झाले. 21 जानेवारी 1945 रोजी टोकियोत त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्य पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आपल्या बेटावर गावोगावी मंडळे आहेत. सर्वांचा हेतू एकच असतो, तरी आधी काय करावे यावर वाद होतात. अशा वेळी खुर्ची धरून बसणाऱ्यापेक्षा ती योग्य वेळी सोडणारा समाजाला अधिक जोडतो, हे रासबिहारींच्या जीवनातून आपण शिकावे.