वाय-फाय रुसलंय? जगदीशचंद्रांकडून शिका!

परीक्षेचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख. तुम्ही शिनोलीत घरी बसून लॅपटॉप उघडलाय, मोबाइलचा हॉटस्पॉट लावलाय आणि कोपऱ्यातल्या वाय-फायच्या चिन्हावर नेमकी फुली आहे. मग काय सुरू होतं? आधी लॅपटॉप बंद-चालू, मग मोबाइल बंद-चालू, मग पासवर्ड बदलून बघायचा, मग मित्रानं फोनवर सांगितलेलं कुठलंतरी सेटिंग. पाच गोष्टी एकदम केल्यावर नेट आलं, तरी कशामुळे आलं ते कळत नाही. नाही आलं, तर आपण आणखी काय बिघडवून ठेवलंय तेही कळत नाही.

डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींशी काम कसं करायचं, हे सव्वाशे वर्षांपूर्वी एका भारतीय प्राध्यापकानं करून दाखवलं होतं. नाव तुमच्या ओळखीचं आहे : जगदीशचंद्र बोस. शाळेच्या पुस्तकात ते वनस्पतींच्या संवेदनांचे शास्त्रज्ञ म्हणून भेटतात आणि धडा संपतो. पण त्याआधीचे बोस वायरलेसवाले होते. तुमचा लॅपटॉप ज्या जातीच्या लहरींवर चालतो, त्या जातीच्या लहरींचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या जगातल्या पहिल्या काही लोकांपैकी एक.

मातृभाषेतली शाळा

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, पूर्व बंगालातला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. त्या काळी साहेबी नोकरी असलेला माणूस मुलाला इंग्रजी शाळेत घालायचा. भगवानचंद्रांनी उलट केलं. मुलाला गावातल्या बंगाली शाळेत पाठवलं. तिथे शेजारच्या बाकावर कोळ्याचा मुलगा, शेतकऱ्याचा मुलगा. शिक्षा भोगून आलेल्या एका दरोडेखोराला वडिलांनी घरी कामाला ठेवलं होतं आणि तोच लहानग्या जगदीशला शाळेत पोचवायचा. आपण मराठी शाळेतून आलो म्हणून कॉलेजात मागच्या बाकावर बसणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

पुढे कोलकात्याचं सेंट झेवियर्स. तिथे फादर लाफाँ यांनी प्रयोग करून पदार्थविज्ञान शिकवलं आणि गोडी लागली. डॉक्टर व्हायला लंडनला गेले, पण तब्येतीनं साथ दिली नाही. मग केंब्रिजला विज्ञान शिकले. तिथे लॉर्ड रॅली यांच्यासारखे गुरू मिळाले. १८८५ मध्ये परत येऊन ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले.

तीन वर्षं बिनपगारी

नोकरी लागली आणि पहिलाच दणका बसला. युरोपियन प्राध्यापकाला जो पगार, त्याच्या दोन तृतीयांश भारतीयाला. त्यात बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याचंही निम्मं.

बोस यांनी तो पगार घेतलाच नाही. राजीनामा दिला नाही की तास बुडवले नाहीत. रोज वेळेवर वर्गात जायचे, मन लावून शिकवायचे आणि महिनाअखेरीला पगार नाकारायचे. असं एक-दोन महिने नाही, तब्बल तीन वर्षं चाललं. घरची परिस्थितीही ऐटीची नव्हती. वडिलांनी लोकांच्या भल्यासाठी काढलेले उद्योग बुडाले होते आणि डोक्यावर कर्ज होतं. याच काळात १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्न झालं, म्हणजे संसारही सुरू झाला होता.

अखेर सरकार नमलं. नेमणूक मागील तारखेपासून कायम झाली आणि तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी मिळाला. तो वडिलांचं कर्ज फेडण्यात गेला.

चोवीस चौरस फुटांची लॅब

कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा नव्हती. मिळाली ती चोवीस चौरस फुटांची एक खोली. म्हणजे चार बाय सहा! आपल्याकडची न्हाणीघरं त्याहून मोठी असतात. उपकरणं बनवायला परदेशी कारागीर नव्हता, म्हणून त्यांनी एका स्थानिक पत्र्याच्या कारागिराला हाताशी धरलं आणि लागेल ते त्याच्याकडून बनवून घेतलं. खर्च बराचसा स्वतःच्या खिशातून.

जर्मनीत हाइनरिश हर्ट्‌झ यांनी १८८७-८८ मध्ये विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगानं सिद्ध केल्या होत्या. या लहरी प्रकाशासारख्याच वागतात का, हे तपासायचं होतं. लहर लांब असेल तर तिला वळवायला, परतवायला उपकरणंही अवाढव्य लागतात. म्हणून बोस यांनी लहरच बारीक केली. पाच मिलिमीटर ते अडीच सेंटिमीटर! आता सगळं यंत्र टेबलावर मावायला लागलं.

तुमच्या वाय-फायशी याची तुलना करा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते. ५ गिगाहर्ट्‌झची साधारण पाच-सहा सेंटिमीटर. आणि ६० गिगाहर्ट्‌झवर, अगदी कमी अंतरात प्रचंड वेगानं डेटा पाठवणारा वाय-फायचा एक नवा प्रकार आहे, त्याची लहर बरोबर पाच मिलिमीटरची. बोस यांनी वाय-फाय शोधलं असं कुणी सांगितलं तर मात्र मान डोलवू नका. वाय-फाय पुढे अनेकांनी मिळून घडवलं. पण बोस त्या लहरींपर्यंत १८९० च्या दशकातच पोचले होते, हे खरं.

भिंतीपलीकडची घंटा

१८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. एका खोलीतून लहर सोडली. ती भिंतींतून आणि मध्ये बसलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरांच्या देहातून पार होऊन सुमारे ७५ फुटांवर पोचली. तिथे घंटा वाजली आणि दारूचा बार उडाला. मधे तार नाही, काही नाही. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बड्या शास्त्रज्ञांसमोर त्यांचं व्याख्यान झालं. पत्र्याच्या कारागिराकडून बनवून घेतलेली उपकरणं तिथेही मान खाऊन गेली.

पण प्रयोगापेक्षा त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. लहर सोडणारं यंत्र एका बाजूला, पकडणारं दुसऱ्या बाजूला. ही दोन टोकं कायम ठेवायची आणि मधे एक वस्तू ठेवायची. मग दुसरी. एकदा त्यांनी रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक मधे धरलं. पुस्तक एका दिशेनं धरलं तर लहर पार, काटकोनात फिरवलं तर अडते! पिळलेल्या तागाच्या जुड्याही ठेवून पाहिल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय झालं ते लिहायचं, मग पुढची. चार बाय सहाच्या खोलीत यापेक्षा वेगळी चैन परवडणारीही नव्हती.

आता तुमच्या लॅपटॉपकडे

हीच पद्धत फॉर्मच्या दिवशी वापरा. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. हॉटस्पॉटवर बिनतारी टप्पे दोन असतात : लॅपटॉप ते मोबाइल आणि मोबाइल ते टॉवर. लॅपटॉपवर दिसणाऱ्या वाय-फायच्या काड्या फक्त पहिला टप्पा सांगतात. त्या पूर्ण असूनही टॉवरची रेंज शून्य असू शकते. शिनोलीसारख्या डोंगराजवळच्या गावात तर बहुतेक वेळा गोची दुसऱ्या टप्प्यातच असते.

म्हणून पहिली चाचणी : त्याच मोबाइलवर एखादी साइट उघडा. उघडत नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. डेटा शिल्लक आहे का बघा, मोबाइल खिडकीत किंवा वरच्या मजल्यावर नेऊन बघा. घरात राउटर असेल तर दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर तेच वाय-फाय चालतंय का, ते बघा.

मोबाइलवर चालतंय आणि लॅपटॉपवर नाही, तर दोष लॅपटॉपच्या बाजूला. मग क्रमानं जा.

१. वाय-फाय चालू आहे ना? विमानाचं चिन्ह, म्हणजे फ्लाइट मोड, चुकून लागलेला असतो. वरच्या रांगेतल्या एखाद्या बटणावर अँटेनाचं किंवा विमानाचं चित्र असतं. ते नुसतं किंवा ‘एफएन’सोबत दाबा. जुन्या लॅपटॉपना बाजूला छोटा खटका असतो.

२. हॉटस्पॉटचं नावच दिसत नाही? मोबाइल ५ गिगाहर्ट्‌झवर असेल आणि जुन्या लॅपटॉपला फक्त २.४ कळत असेल. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदलून २.४ करा.

३. नाव दिसतंय, पण जोडत नाही? पासवर्ड कधीतरी बदललेला असतो आणि लॅपटॉप जुनाच धरून बसतो. त्या नावावर ‘फर्गेट’ करा आणि नव्यानं पासवर्ड टाका.

४. जोडलंय, पण नेट नाही? विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा. वाय-फायच्या खालचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर समोरच्या राउटरनं किंवा मोबाइलनं लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. हॉटस्पॉट किंवा राउटर बंद करून पुन्हा चालू करा.

५. पत्ता नीट आहे, पण बहुतेक साइट सुरक्षिततेची तक्रार करतात? लॅपटॉपची तारीख आणि वेळ बघा. बॅटरी पार संपून गेल्यावर कधी कधी ती चुकते.

६. वाय-फायचा पर्यायच गायब? मग ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये नेटवर्क अडॅप्टर बघा. ड्रायव्हर बंद असेल तर चालू करा, बिघडला असेल तर पुन्हा टाका. ‘नेटवर्क रीसेट’ सगळ्यात शेवटी, कारण त्यानं साठवलेली सगळी वाय-फाय पुसली जातात.

आणि नेट येतंय, पण रडतखडत? मग बोस यांचा वस्तू मधे ठेवण्याचा प्रयोग उलटा करा. मधल्या वस्तू हटवा. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत, पाण्याची टाकी, फ्रिज यांच्याआड मोबाइल ठेवू नका. धातू लहर परतवतो, पाणी शोषतं. मोबाइल उभा-आडवा फिरवून बघा, वेळापत्रकाच्या पुस्तकासारखा. कधी कधी वीतभर जागा बदलली तरी फरक पडतो.

श्रेय कुणाचं?

१२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला बिनतारी संदेश पकडला आणि जगभर नाव झालं. त्यात वापरलेला पाऱ्याचा ग्राहक बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या प्रकारचा होता, हे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. १९०९ चं नोबेल मार्कोनी आणि ब्राउन यांना मिळालं. लांब पल्ल्याचा व्यवहार उभा केला तो मार्कोनी यांनीच, हेही तितकंच खरं. बोस यांना लहरींचं शास्त्र हवं होतं, धंदा नको होता. ज्ञान सगळ्यांसाठी खुलं असावं म्हणून ते पेटंट टाळायचे. सारा बुल या स्नेही बाईंच्या आग्रहामुळे एक अमेरिकन पेटंट निघालं. गॅलिना या खनिजाच्या स्फटिकावर चालणाऱ्या ग्राहकाचं ते पेटंट १९०४ मध्ये मंजूर झालं. सेमीकंडक्टर वापरणाऱ्या उपकरणांच्या जगातल्या अगदी पहिल्या पेटंटांत त्याची गणना होते. बोस यांनी त्यातून पैसा केला नाही. हे बरोबर की चूक, यावर कट्ट्यावर वाद घालायला हरकत नाही.

पुढे ते वनस्पतींकडे वळले. लाजाळूच्या पानापासून रोपाच्या वाढीपर्यंत सगळं मोजणारी यंत्रं बनवली. १९१७ मध्ये वाढदिवशीच कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केली. १९२० मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि २३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीहला गेले.

आपल्या शेजारचं खोडद

कोलकाता लांब वाटतं? मग जुन्नर तालुक्यातलं खोडद बघा. शिनोलीहून घोडेगाव, मंचर, नारायणगाव करत गेलं की जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण दिसते. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, त्यातल्या चौदा मध्यभागी आणि सोळा तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी त्या पकडतात. ही जागा निवडण्याचं एक कारण म्हणजे इथे मानवी रेडिओ गोंगाट कमी होता. घरात आपण रेंजसाठी धडपडतो, तिथे मोबाइल बंद ठेवायला लावतात. डिशकडून मुख्य इमारतीकडे सिग्नल ऑप्टिकल फायबरमधून नेतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे विद्यार्थ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं. गेला नसाल तर यंदा जाच. आणि जाताना प्रश्न घेऊन जा.

मित्रांनो, टेक्नॉलॉजी कुठूनतरी लांबून येते आणि आपण फक्त रिचार्ज मारायचा, असं समजू नका. ती एका भारतीयाच्या चार बाय सहाच्या खोलीतूनही गेली आहे, पत्र्याच्या कारागिराच्या हातून गेली आहे. पुढच्या वेळी फुली दिसली की कागद घ्या, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय झालं ते लिहा. आणि हो, फॉर्म शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधीच भरा!