फादर स्टीफन्स : सृष्टीची गोष्ट मराठीत सांगणारा माणूस

दहावीत विज्ञानाच्या तासाला उत्क्रांतीचा धडा झाला आणि मधल्या सुट्टीत एका मैत्रिणीने विचारलं, तुमचा आदाम खरा की डार्विन खरा? मला उत्तर सुचलं नाही. घरी आजी तर उत्पत्तीचे सहा दिवस बोटांवर मोजून सांगायची. पुढे साहित्य शिकताना फादर थॉमस स्टीफन्स भेटले आणि त्या प्रश्नाकडे बघायची माझी नजरच बदलली.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा, इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक म्हणून राहणं तेव्हा जोखमीचं होतं. मित्राबरोबर रोमला जायचं ठरलं होतं, पण मित्र पकडला गेला. मग एकटेच गेले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ ला त्यांनी लिस्बनहून जहाज धरलं आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्याला पोचले.

पोचल्यावर त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात उपदेश असेल असं वाटतं, पण त्यात आहेत वारे, मासे, पक्षी आणि समुद्रातलं शेवाळ. कुठले पक्षी दिसले की जमीन जवळ आली समजायचं, होकायंत्राची सुई कशी वागते, हे सगळं त्यांनी बारकाईने टिपलंय. देवाने केलेलं जग नीट बघणं त्यांना श्रद्धेच्या आड येत नव्हतं.

पुढची चाळीस वर्षं, १६१९ मध्ये मरण येईपर्यंत, ते गोव्यातच राहिले. त्यातली बहुतेक सासष्टीत गेली. तो काळ साधा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने तिथली देवळं पाडली होती आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले होते. हे लपवून त्यांचं चरित्र सांगता येणार नाही. पण या माणसाने लोकांची भाषा मनापासून शिकली. कोंकणीचं व्याकरण लिहिलं. १५८३ मध्येच भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक गोष्ट नोंदवली : इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. आपले आकडेच बघा ना. दोन आणि लॅटिनमधलं दुओ, सात आणि सेप्टेम, नऊ आणि नोवेम. हे साम्य एकाच पूर्वज भाषेतून आलं असावं, हे विल्यम जोन्सने १७८६ मध्ये मांडलं. आणि १८५९ च्या आपल्या ग्रंथात सजीवांची वंशावळ समजावताना डार्विनने भाषांच्या वंशावळीचाच दाखला घेतला. स्टीफन्स त्या निष्कर्षापर्यंत गेले नव्हते. त्यांनी फक्त चेहऱ्यातलं साम्य ओळखलं होतं.

याच माणसाने १६१६ मध्ये रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुनी पुराणं ऐकायची बंदी होती आणि नवं काही हातात नव्हतं. पहिल्या पुराणाच्या सुरुवातीलाच सृष्टी आणि आदाम-एवा येतात.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी निवडलेलं नाव. पुराण! आपल्याकडे पुराण कसं ऐकतात हे कुणाला सांगायला नको. संध्याकाळी एकत्र बसून, आपण कुणाचे आणि जगायचं कशासाठी हे समजून घ्यायला ऐकतात. जमिनीचा नकाशा किंवा हाडांचा हिशेब त्यात कुणी शोधत नाही. स्टीफन्स स्वतः सहा दिवस खरे मानत असणार, डार्विन जन्मायला अजून दोनशे वर्षं होती. पण त्यांनी निवडलेला साचा आज माझ्या कामी येतो.

चर्चनेही पुढे हीच दिशा धरली. मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मोकळीक दिली, आत्मा मात्र देवाकडून हे सांगून. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ कल्पना राहिलेली नाही हे मान्य केलं.

आमच्या बेळगावात घरी कोंकणी, शेजारी मराठी, बाजारात कन्नड. एकाच दिवसात तीन भाषा बोलताना आपण कुठल्या तरी एकीशी बेइमानी करतोय असं वाटत नाही. ती मैत्रीण आता निपाणीला असते. भेटली की सांगणार आहे, तुझ्या प्रश्नातला तो ‘की’ काढून टाक. आजीने सांगितलं कोणी आणि कशासाठी, डार्विनने सांगितलं कसं. मला दोघांचंही ऐकायचंय.