डॉ. हरगोविंद खुराना

मुलतान जिल्ह्यात रायपूर नावाचे एक खेडे होते. वस्ती जेमतेम शंभर माणसांची. आज हा भाग पाकिस्तानात आहे. तेथे १९२२ साली हरगोविंद खुराना यांचा जन्म झाला. वडील पटवारी, म्हणजे आपल्याकडचे तलाठी. घरी गरिबी होती, मुले पाच. तरी वडिलांनी त्यांना शिकवले. त्या गावात लिहिता-वाचता येणारे जवळजवळ तेवढेच कुटुंब होते!

मुलतानची शाळा संपवून हरगोविंद लाहोरला शिकले. १९४५ साली सरकारी शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले. लिव्हरपूल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून १९४९ साली भारतात परतले, पण येथे त्यांना नोकरी मिळाली नाही. एवढा शिकलेला तरुण पुन्हा परदेशी गेला. आधी केंब्रिज, मग कॅनडा आणि १९६० साली अमेरिका.

पेशीत प्रथिने कशी तयार होतात, याचा ते शोध घेत होते. अमिनो आम्लांचे मणी ओवले, की प्रथिनाची माळ होते. कोणता मणी केव्हा ओवायचा, हा निरोप आर.एन.ए.च्या लांब धाग्यावर असतो. त्याची अक्षरे चारच, आणि तीन अक्षरांचा एक शब्द. शब्द ओळखून योग्य मणी आणणारा छोटा हमाल म्हणजे वाहक आर.एन.ए.

पण वाचायला सुरुवात कोठून करायची? तुम्ही उर्दू उजवीकडून वाचता, मराठी डावीकडून. बाजू चुकली तर अर्थ लागेल का? या धाग्यावर तर दोन शब्दांमध्ये मोकळी जागाही नसते. एक अक्षर मागेपुढे झाले, की सारी माळ बिघडते.

खुरानांनी ए-यू-जी हीच तीन अक्षरे पुन्हा पुन्हा येणारा धागा स्वतः तयार केला व जिवाणूंपासून काढलेल्या रसात घातला. १९६७ साली त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना उत्तर मिळाले. ए-यू-जी या शब्दापासून माळ सुरू होते. तेथे एक खास वाहक फॉर्मिल-मिथिओनिन हा पहिला मणी आणतो. हाच शब्द माळेच्या मध्ये आला, तर दुसरा वाहक साधे मिथिओनिन आणतो. शब्द एक, हमाल दोन!

१९६८ साली खुरानांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी वाहक आर.एन.ए.चे जनुकच प्रयोगशाळेत बनवले. १९७६ साली असे एक जनुक जिवंत जिवाणूत घातले, तर ते तेथे काम करू लागले. ९ नोव्हेंबर २०११ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले.